पुरुषांचा थायरॉइड: तपासणी आणि उपचार कोणत्या क्रमाने? ठाणे–नवी मुंबईकरांसाठी मार्गदर्शक

दिवसभर थकवा, कामेच्छा मंदावलेली, पोट सुटत चाललेलं, आठ तास झोपूनही डोळे जड. अशा तक्रारी असलेला पुरुष हल्ली थेट टेस्टोस्टेरॉन तपासून घेतो. आकडा कमी आला की इंजेक्शनचा विषय निघतो. थायरॉइड मध्ये कुठेच येत नाही, कारण तो ‘बायकांचा आजार’ अशी समजूत पक्की आहे. बायकांमध्ये तो कितीतरी जास्त आढळतो हे खरंच, पण पुरुषांना होतो तेव्हा उशिरा सापडतो, कारण कोणी शोधत नाही.

थायरॉइड बिघडलेला असताना काढलेला टेस्टोस्टेरॉनचा आकडा फसवा असतो. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला बांधलेलं असतं. हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि ते किती तयार व्हावं यावर थायरॉइड हार्मोनचा अंमल असतो. थायरॉइड मंदावला की एसएचबीजी घटतं आणि एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं. थायरॉइड जास्त झाला की उलट होतं: एकूण आकडा भरघोस, पण शरीराला वापरता येणारा मोकळा भाग वाढलेला नसतो. म्हणून आधी थायरॉइड पाहायचा, लागला तर तो ताळ्यावर आणायचा, आणि मगच टेस्टोस्टेरॉनचा निकाल लावायचा.

१. लक्षणं कागदावर उतरवा

डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्म्या गोष्टी आठवत नाहीत, आणि लैंगिक तक्रारी तर संकोचाने राहूनच जातात. म्हणून त्या आधी लिहून न्या.

थायरॉइड कमी असेल तर: थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, चेहरा सुजल्यासारखा, आवाज जाडसर, घोरणं वाढणं, पंज्याला मुंग्या, नाडी मंद. ठाण्याच्या दमट हवेत ‘थंडी सहन होत नाही’ हे लक्षण सहसा जाणवत नाही, पण एसी लोकलमध्ये किंवा ऑफिसात तुम्ही एकटेच कुडकुडत असाल तर तेही लिहा. लैंगिक बाजूला इच्छा कमी, ताठरता अपुरी, वीर्यस्खलनाला उशीर.

थायरॉइड जास्त असेल तर: भूक असून वजन घटणं, धडधड, बोटांना कंप, सतत घाम, वारंवार शौचाला जावं लागणं, जिना चढताना मांड्यांत जोर नसणं, शीघ्रपतन, कधीकधी छातीवर स्तनांसारखी वाढ.

वजनाबद्दल एक खुलासा. थायरॉइड कमी झाल्याने वाढणारं वजन बहुधा काही किलोंचं असतं आणि त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. वीस किलो वाढलं असेल तर त्याचा सगळा दोष थायरॉइडवर टाकू नका. गोळी सुरू करून ते उतरणार नाही आणि तुम्ही विनाकारण निराश व्हाल.

२. सोबत काय न्यायचं

- आधीचे सगळे रिपोर्ट, तारखेच्या क्रमाने. फक्त आकडा लिहून नेऊ नका. लॅबचं नाव, एकक आणि संदर्भ मर्यादा रिपोर्टवरच असतात.
- चालू औषधांच्या पट्ट्यांचे फोटो. अमिओडॅरोन, लिथियम आणि स्टेरॉइड थायरॉइडचे आकडे बदलतात.
- जिममधल्या सगळ्या डब्यांचे फोटो, लेबलासकट. केसांच्या गोळ्या, फॅट बर्नर, अश्वगंधा, समुद्री शेवाळाचं पूरक, घेतली असतील तर इंजेक्शनंही. यातलं काही लपवलं तर निदान चुकतं.
- घरात कोणाला थायरॉइड, टाइप १ मधुमेह किंवा पांढरे डाग आहेत का, याची नोंद.
- आधार कार्ड, आभा क्रमांक असेल तर तो, आणि जुना केस पेपर.

३. रक्त देण्याची वेळ आणि तयारी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, दिवसभर सारखं राहत नाही. रात्री आणि पहाटे ते वर असतं, दुपारी उतरतं. सकाळी आठला ५.५ आलेलं टीएसएच त्याच माणसाचं दुपारी तीनला मर्यादेत दिसू शकतं. त्यासाठी उपाशी असण्याची सक्ती नाही, पण सोबत टेस्टोस्टेरॉन, साखर आणि कोलेस्टेरॉल करायचं असतं. म्हणून सकाळी सात ते दहाच्या मध्ये उपाशीपोटी एकदाच रक्त द्या. घरी येऊन रक्त नेणाऱ्यांकडेही हीच वेळ मागा. ‘अकरा ते एक’ मिळत असेल तर दुसरा दिवस घ्या.

ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात रात्रपाळी करणाऱ्यांनी ड्युटी संपवून थेट लॅबमध्ये जाऊ नये. जागरणाने टीएसएच वर जातं आणि टेस्टोस्टेरॉन खाली येतं. सुट्टीत दोन-तीन रात्री नीट झोपा आणि उठल्यावर दोन-तीन तासांच्या आत रक्त द्या.

बायोटिन बंद करा. केसांच्या आणि नखांच्या बहुतेक गोळ्यांत ते असतं. अनेक लॅबच्या यंत्रांत बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी४ (थायरॉइडचं मुख्य हार्मोन) खोटं जास्त दिसतं, म्हणजे चांगल्या माणसाला थायरॉइड जास्त असल्याचा रिपोर्ट मिळतो. किमान दोन दिवस आधी थांबवा. डोस मोठा असेल तर किती दिवस आधी ते डॉक्टरांना विचारा.

आजारपणात तपासू नका. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सुरू असतात. तापात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत टी३ (थायरॉइडचं दुसरं हार्मोन) खाली जातं, टीएसएच आधी घसरतं आणि बरं होताना वर उसळतं. टेस्टोस्टेरॉनही पडतं. तब्येत सावरल्यावर सहा आठवड्यांनी तपासा. अर्थात थायरॉइडचाच गंभीर संशय असेल तर डॉक्टर थांबणार नाहीत, आणि थांबूही नये.

थायरॉइडची गोळी आधीच सुरू असेल तर त्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर घ्या. गोळीनंतर काही तास फ्री टी४, म्हणजे प्रथिनाला न बांधलेलं मोकळं टी४, चढलेलं असतं.

४. कोणत्या तपासण्या मागायच्या

लॅबच्या काउंटरवर ‘थायरॉइड प्रोफाइल’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी टी३, टी४ आणि टीएसएच करतात. यातले टी३ आणि टी४ ‘एकूण’ असतात, म्हणजे प्रथिनांना बांधलेला भाग धरून. अॅनाबॉलिक स्टेरॉइड घेणाऱ्यांत हे बांधणारं प्रथिन घटतं आणि थायरॉइड चांगला असूनही एकूण टी४ कमी येतं. म्हणून स्पष्ट सांगा: टीएसएच आणि फ्री टी४. पहिल्या फेरीला एवढं पुरतं.

टीएसएच जास्त आलं तर अँटी-टीपीओ अँटिबॉडी एकदा करा. ती वाढलेली असेल तर कारण हाशिमोटोचा आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली. ही चाचणी दर वेळी पुन्हा करण्यात पैसे घालवू नका. तिचा आकडा खाली-वर झाल्याने गोळीचा डोस बदलत नाही.

टीएसएच कमी आणि फ्री टी४ जास्त असेल तर फ्री टी३ आणि टीआरएबी (ग्रंथीला जास्त काम करायला लावणारी) अँटिबॉडी करा. मानेत गाठ हाताला लागत असेल तरच सोनोग्राफी. नुसत्या थकव्यासाठी मानेची सोनोग्राफी करून घेतली की निरुपद्रवी बारीक गाठी दिसतात आणि घरात काळजीचं सत्र सुरू होतं. हाताला लागणारी गाठ मात्र पुरुषाने अजिबात टाळू नये, कारण पुरुषांतली गाठ कर्करोगाची असण्याचं प्रमाण बायकांपेक्षा जास्त असतं. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईने पेशी काढून तपासणी, एवढं लगेच करा.

थायरॉइडचे नमुने देशभरातून तपासायला येतात ती थायरोकेअरची मुख्य प्रयोगशाळा आपल्या तुर्भ्यात आहे. १९९६ मध्ये सुरुवातच थायरॉइडच्या चाचण्यांपासून झाली होती. तुम्ही कुठलीही मान्यताप्राप्त लॅब निवडा, पण पुढे तीच ठेवा. यंत्र बदललं की आकडा बदलतो. एककंही तपासा: फ्री टी४ एका लॅबमध्ये १.२ आणि दुसरीकडे १५.४ असेल तर ते तेवढंच आहे, फक्त पहिलं नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आणि दुसरं पिकोमोल प्रति लिटरमध्ये छापलंय.

५. रिपोर्ट कसा वाचायचा

टीएसएचची मर्यादा साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी असते. नेमकी तुमच्या रिपोर्टवर पाहा. टीएसएच मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉइडला कामाला लावतं. म्हणून ग्रंथी मंदावली की ते वाढतं.

टीएसएच जास्त, फ्री टी४ कमी: थायरॉइड कमी आहे, उपचार हवेत.

टीएसएच जास्त, फ्री टी४ नॉर्मल: इथे घाई नको. टीएसएच १० च्या आत असेल तर दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी पुन्हा करा. बऱ्याच जणांचं आपोआप उतरतं. १० च्या वर टिकून असेल तर सहसा गोळी देतात. मधल्या पट्ट्यात लक्षणं, अँटिबॉडी, कोलेस्टेरॉल, वय आणि मूल हवंय का हे पाहून ठरतं. सत्तरीपुढे टीएसएच थोडं वर असणं वयाला धरून असतं. ५.२ आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू झालेले पुष्कळ लोक आहेत आणि त्यांचा थकवा गेलेला नाही, कारण तो बी१२, ड जीवनसत्त्व, झोप किंवा साखरेचा होता.

टीएसएच कमी, फ्री टी४ जास्त: थायरॉइड जास्त आहे. मुद्दा ९ पाहा.

फ्री टी४ कमी, पण टीएसएच नॉर्मल किंवा कमी: हा रिपोर्ट सर्वांत जास्त निसटतो, कारण टीएसएचखाली लाल रेघ नसते आणि सगळं ठीक वाटतं. यात बिघाड पिट्युटरीचा असू शकतो. अशा वेळी टेस्टोस्टेरॉनही कमी येतं आणि एलएच, एफएसएच (वृषणांना कामाला लावणारे पिट्युटरीचे हार्मोन) वाढलेले नसतात. सकाळचं कॉर्टिसॉल (शरीराला ताण झेलायला लागणारं हार्मोन) तपासल्याशिवाय थायरॉइडची गोळी सुरू करू नये. कॉर्टिसॉल कमी असताना ती दिली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. एवढ्या एका कारणासाठी टीएसएचबरोबर फ्री टी४ मागावं असा आमचा आग्रह आहे.

टीएसएच बरंच वाढलेलं असताना पिट्युटरीचंच प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोनही थोडं वाढतं आणि पिट्युटरी फुगलेली दिसू शकते. एमआरआयवर ती ट्यूमर वाटते. थायरॉइडच्या उपचाराने दोन्ही निवळतात, म्हणून आधी गोळी.

६. कोणाकडे जायचं

साध्या थायरॉइड कमीच्या केसला फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन पुरेसे आहेत. सरकारी-पालिका व्यवस्थेत ठाण्याला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची पालिका रुग्णालयं. केस पेपर काढताना ‘मेडिसिन ओपीडी’ सांगा. सकाळी लवकर जा.

पिट्युटरीचा संशय, थायरॉइड जास्त असणं, मूल होण्यात अडचण, किंवा डोस बदलूनही टीएसएच न बसणं, यासाठी एंडोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचा तज्ज्ञ, हवा. पाटीवर ‘थायरॉइड स्पेशालिस्ट’ कोणीही लिहू शकतं. नावापुढे एंडोक्रायनोलॉजीतली डीएम किंवा डीएनबी आहे का पाहा. परवडत नसेल तर परळच्या केईएम रुग्णालयात एंडोक्रायनोलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. ठाण्याहून मध्य रेल्वेने सरळ परळ, नवी मुंबईहून हार्बरने कुर्ल्याला बदलून. ओपीडीचा वार आधी विचारून निघा.

७. गोळी घ्यायची पद्धत

औषध एकच, लेव्होथायरॉक्सिन. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही त्याची बाजारातली नावं. ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे महाग नाही. महाग पडते ती चुकीची घेतलेली गोळी.

उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो एक तास चहाही नको. ज्यांना सहाच्या आधी घरातून निघून लोकल पकडायची असते त्यांचं हेच बिघडतं: गोळी आणि चहा एकदम होतात. बाटली आणि पाण्याचा पेला उशाशी ठेवा, गजर बंद करतानाच गोळी घ्या, मग आंघोळ, मग चहा. तेही जमत नसेल तर रात्री झोपताना घ्या, पण जेवून तीन तास झालेले असावेत. सकाळ निवडा किंवा रात्र, पण रोज तीच वेळ पाळा.

कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन आणि अँटासिड यांच्यात व गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. सोया प्रोटीनचा शेकही लगेच नको. पित्तासाठी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. त्यानेही शोषण घटतं आणि डोस वाढवावा लागू शकतो.

गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट. आपल्या पावसाळ्यात बाथरूमच्या कपाटात किंवा गॅसजवळच्या फळीवर ठेवलेल्या गोळ्यांची ताकद घटते. दुकानदाराने दुसरी कंपनी दिली तर ती चालते, पण सहा आठवड्यांनी टीएसएच करा. आणि बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा: २५ आणि १२५ मध्ये गफलत होते.

८. डोस आणि फेरतपासणी

पूर्ण डोस साधारण वजनाच्या प्रत्येक किलोला १.६ मायक्रोग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ११२ च्या आसपास. तरुण, हृदय ठणठणीत असलेल्याला पूर्ण डोसने सुरुवात करता येते. वय जास्त किंवा हृदयविकार असेल तर १२.५ ते २५ ने सुरू करून हळूहळू वाढवतात, कारण एकदम वाढवल्यास छातीत दुखणं किंवा ठोके अनियमित होणं संभवतं. टीएसएच किंचित वाढलेलं असेल तर २५ ते ५० भागतं. डोस डॉक्टरच ठरवतील. हा हिशेब प्रश्न विचारता यावा म्हणून दिला.

थायरॉक्सिनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला सुमारे सात दिवस लागतात आणि टीएसएच त्याहून सावकाश स्थिरावतं. म्हणून प्रत्येक बदलानंतर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासणी. पंधरा दिवसांत टीएसएच करून डोस वाढवला तर तो हमखास जास्त होतो. टीएसएच बसलं की सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा.

रिपोर्टमध्ये टीएसएच जास्त आणि फ्री टी४ मात्र भरपूर असं दिसलं तर डॉक्टरांना लगेच कळतं की गोळ्या महिनाभर चुकल्या आणि तपासणीआधी चार दिवस नेमाने घेतल्या. खरं सांगा, नाहीतर नको असलेला डोस वाढेल. गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवल्यावर पोट रिकामं असताना घ्या.

कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून स्टॅटिन सुरू होणार असेल तर त्याआधी टीएसएच झालंय ना पाहा. थायरॉइड कमी असल्यानेही कोलेस्टेरॉल वाढतं, आणि तो तसाच ठेवून स्टॅटिन घेतल्यास स्नायूंचा त्रास होण्याची शक्यता वाढते.

आता टेस्टोस्टेरॉन. टीएसएच बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा करा: सकाळी, उपाशी, दोन वेगळ्या दिवशी. दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि लक्षणंही कायम असतील तर एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन करून पुढचा निर्णय होतो. काही लॅब हेच ३.० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असं छापतात, ते पाहून घाबरू नका. मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन नको म्हणून सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की वृषणांतली शुक्राणूनिर्मिती थांबते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे वीर्यतपासणीही टीएसएच बसल्यावर तीन महिन्यांनीच पुन्हा करा.

९. थायरॉइड जास्त असेल तर

आधी कारण शोधा. ग्रेव्हजच्या आजारात (प्रतिकारशक्तीच ग्रंथीला जास्त काम करायला लावते) टीआरएबी वाढलेली असते आणि हार्मोन बनणं रोखणारं कार्बिमाझोल देतात. थायरॉइडला नुसती सूज असेल तर साठलेलं हार्मोन गळत असतं. तिथे कार्बिमाझोलचा उपयोग नाही आणि ते बहुधा काही आठवड्या-महिन्यांत आपोआप थांबतं. फरक कळत नसेल तर ग्रंथी किती काम करतेय ते दाखवणारा टेक्निशियम स्कॅन. धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल देतात, पण दमा असेल तर ते आधी सांगा. ग्रेव्हज असलेल्याने सिगारेट सोडलीच पाहिजे, डोळ्यांचा त्रास तिने बळावतो.

किरणोत्सारी आयोडीनचा पर्याय निघाला तर परळला टाटा मेमोरियलच्या आवारातलं भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर हे जुनं ठिकाण आहे. औषध घेतल्यावर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बाईपासून अंतर ठेवावं लागतं. वन बीएचकेमध्ये ते कसं जमणार, कोण कुठे झोपणार, परतीचा प्रवास गर्दीच्या लोकलने टाळून कसा करायचा, हे तारीख घेण्याआधीच ठरवा. त्यानंतर किमान चार महिने मूल होऊ देऊ नये.

१०. थांबू नये असे प्रसंग

कार्बिमाझोल सुरू असताना ताप, घसा दुखणं किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करा. क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात. साधा घसा समजून अँटिबायोटिक घेत बसू नका.

थायरॉइड जास्त असलेल्या तरुण पुरुषाचे पाय किंवा हातपाय पहाटे उठताना अचानक उचलेनासे झाले, विशेषतः आदल्या रात्री लग्नाचं भरपेट गोडधोड जेवण किंवा दिवसभर कष्टाचं काम झालेलं असेल, तर रक्तातलं पोटॅशियम एकदम खाली गेलेलं असू शकतं. हा प्रकार आशियाई पुरुषांमध्ये जास्त दिसतो आणि लकवा समजून वेळ जातो. १०८ ला फोन करा, आणि इमर्जन्सीत पोहोचताच सांगा: थायरॉइड जास्त आहे, पोटॅशियम आणि ईसीजी आधी बघा. ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी हे सांगणं गरजेचं आहे, कारण ग्लुकोजने पोटॅशियम आणखी खाली जातं.